दुखलं असतं तर मानलं असतं

वहिनी,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी रडले नाही. मी दादाला विचारलं, "सकाळची गोळी घेतलती का तिनं?"

दादा म्हणाला, "घेतलती."

"ताप होता? उलटी, जुलाब?"

"काही नाई वं छाया. जेवण झालं अन् आंगणात उन्हाले बसून तुरीचे सोले काढून राह्यली होती. मी वावरातून आलो तं मान खाली. मले वाटलं डुलकी लागली."

"पट्टी पाह्य तिची. आजची गोळी निघाली हाय का पाह्य."

आणि तो गेला गं पाहायला. तुझा हात अजून गार पडला नसेल, आणि माझा भाऊ, मास्तरीण बहिणीनं सांगितलं म्हणून, आत जाऊन गोळ्यांची पट्टी शोधत होता. फोन चालूच होता. फळीवरचे डबे सरकवल्याचा आवाज मला ऐकू आला. परत येऊन तो म्हणाला, "निघाली हाय." एवढं बोलला आणि मग लहान मुलासारखा रडायला लागला.

महागावचे डॉक्टर घरी येऊन गेले. हृदय बंद पडलं म्हणाले, कळलंही नसेल तिला. म्हणजे तुझ्या त्या ग्रंथीचा दोष नव्हता, गोळीचा नव्हता, तुझाही नव्हता. मला मात्र काहीतरी चुकलेलं निघायला हवं होतं. गोळी राहिली असती, ताप अंगावर काढला असता, तर मी तुझ्यावर चिडले असते. गेली बारा वर्षं मी तुझ्यावर चिडतच आले. "गोळी घेतली का", "दुप्पट केली का", "इंजेक्शन घरात आहे का". तुला जाऊन तीन आठवडे झाले. रोज सकाळी सातच्या सुमाराला माझा हात फोनकडे जातो.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा माझं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती. मी आर्णीला, तिथल्याच हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणारी. इकडं महागाव तालुक्यातल्या आपल्या गावात आई, दादा, कापूस, सोयाबीन आणि शेताच्या धुऱ्याकडची तूर. आईसमोर तू मला "छायाताई, तुम्ही" म्हणायचीस आणि दोघी वावरात निघालो की गावाची वेस ओलांडताच "छाया, तू" सुरू व्हायचं. कापूस वेचताना तुझ्या ओळीला कोणी पुरत नसे. मी चार झाडं मागं असायची आणि तू पुढून ओरडायचीस, "काय वं मास्तरीण, फळा पुसून राह्यली का?" तू सव्वा वर्षच तशी होतीस. ती तू मला फार हवी आहेस, आणि तिची आठवण ठेवणारे आता आम्ही दोघंच उरलो, दादा आणि मी. तुझ्या लेकीनं, गौरीनं, तर तिला पाहिलंच नाही.

गौरी झाली उमरखेडला. पोरगी सुखरूप आली, पण वार अडकली. रक्त थांबेना. तुला जीपमध्ये आडवी टाकून नांदेडला नेलं, तेव्हा जीपच्या मागच्या भागात दादाच्या चपला चिकटत होत्या, असं तो एकदाच मला म्हणाला, पुन्हा कधी नाही. दादानं आणि त्याच्या दोन मित्रांनी रक्त दिलं. तू वाचलीस. नवव्या दिवशी घरी आलीस तेव्हा तुझी नखं तांदळाच्या धुवणाच्या रंगाची झाली होती. देव पावला, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

पण दूध आलं नाही. एक थेंब नाही. आईनं डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, बाळंतशोप, खसखस, कोणी काय सांगेल ते केलं. तुझी छाती भरून येईना. मी तेव्हा माझ्या पाच महिन्यांच्या निखिलला घेऊन माहेरी होते. गौरी भुकेनं निळी होऊन रडायची. मी तिला उचललं आणि पदराखाली घेतलं. त्यात मला काही मोठं वाटलं नाही. घरात दूध होतं आणि पोर उपाशी होती. तू खाटेवर भिंतीकडं तोंड करून निजली होतीस. मला वाटलं, झोपली आहे.

त्यानंतर तू हळूहळू मंद होत गेलीस. काही दुखत नव्हतं, काही सुजलं नव्हतं, दाखवायला काही नव्हतंच. भर मे महिन्यात, आपल्याकडचं ऊन कसं असतं ते काय सांगू, अंगण तव्यासारखं तापलेलं आणि तू माजघरात गोधडी घेऊन बसलेली. आम्ही हसायचो. तुझा आवाज जड झाला. बोललेलं उत्तर उशिरा यायला लागलं. भुवया बाहेरच्या टोकाला विरळ झाल्या. हरतालिकेच्या उपासाला तू दोनदा चक्कर येऊन पडलीस, तेव्हा आई म्हणाली, "एक दिस उपाशी राहवत नाई हिले." पाळी परत आलीच नाही. आईला नातू हवा होता, म्हणून तिनं मला बाजूला घेऊन सतरांदा विचारलं, "तू शिकलेली हायस, काही सांग नं." मी सांगितलं, अशक्तपणा असेल.

गावातला डॉक्टर सलाईन लावायचा आणि त्यात एक सुई द्यायचा. त्या सुईनंतर तीन-चार दिवस तू घर झाडायचीस, धुणं धुवायचीस, गौरीची वेणी घालताना गाणं म्हणायचीस. मग पुन्हा ते उतरायचं. तू दादाला म्हणायचीस, "मले ती सुई द्याले सांगा नं. त्या सुईनं मी माणसात येते." आणि घरात सगळे म्हणायचे, सुईचं नाटक आहे. त्या चार दिवसांत तुझ्या अंगात नेमकं काय येत होतं आणि मग काय संपत होतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. वर्गाच्या भिंतीवर माझाच तक्ता टांगलेला होता. अंतःस्रावी ग्रंथी, माणसाची आकृती, लाल ठिपके. मेंदूखाली पीयूषिका, गळ्यात अवटू, मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या अधिवृक्क. दरवर्षी पोरांकडून पाठ करून घ्यायची: पीयूषिका बाकीच्या ग्रंथींना कामाला लावते. मग शनिवारची शाळा सुटली की एसटीनं माहेरी यायची आणि तुला गोधडीत बघायची.

एक दिवाळी मला विसरता येत नाही. मी करंज्या लाटत होते, एकटीच. शेजारची काकू आली, म्हणाली, सून कुठं आहे? मी म्हणाले, "आमची वहिनी आळशी आहे हो. तिला काम नकोच असतं." मोठ्यानं म्हणाले. तू दाराआड होतीस. बाहेर आलीस, पाटावर बसलीस आणि सारण भरायला लागलीस. तुझ्या हातून सारण कडेला सांडत होतं. मी ते पुसून घेतलं. आपण दोघींनी मिळून शंभरेक करंज्या केल्या.

नंतर एकदा मीच तुला आर्णीला नेऊन रक्त तपासलं. थायरॉईड कमी निघालं. मला काय आनंद झाला! सापडलं म्हणून मी उड्या मारल्या. गोळी सुरू झाली. आठ-दहा दिवसांत तू अंथरुणाला खिळलीस, ओकाऱ्या सुरू झाल्या. तू म्हणालीस, "छाया, या गोळीनं जीव जाते माहा. मी नाई घेत." मी तुला रागावले. काय काय बोलले मी! "तुले काय समजते? डॉक्टर येडा हाय का? मी शिकवते हे पोराइले." राग आला की मीही अशीच बोलते, दादासारखी. तू गोळी सोडलीस. मी तुझ्याशी महिनाभर बोलले नाही.

मग आईला अर्धांगवायू झाला. सहा महिने ती अंथरुणात होती. मी रविवारी यायची, तू रोज होतीस. तिला कुशीवर वळवणं, उचलून बसवणं, अंग पुसणं. मधेच तू भिंतीला टेकून उभी राहायचीस, डोळे मिटून, आणि पुन्हा वाकायचीस. आई तेव्हाही बोबड्या बोलीत म्हणायची, "जल्दी कर नं." ज्या बाईच्या अंगात उभं राहायला लागणारं रसायनच तयार होत नव्हतं, तिनं एक आख्खं माणूस सहा महिने उचललं. हे वाक्य मी आज लिहू शकते. तेव्हा मी आईच्या तेराव्याला पाहुण्यांना सांगत होते की दादानं फार केलं आईचं.

आई गेल्यावर दोन वर्षांनी तू आर्णीला माझ्याकडं आलीस, एका लग्नासाठी. लग्नातलं जेवण कोणालाच मानवलं नाही. आमच्या घरात सगळ्यांना जुलाब झाले आणि दोन दिवसांत सगळे उठून कामाला लागले. तू उठली नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी मी साखर-मिठाचं पाणी घेऊन आले, तर तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "तुम्ही कोण?"

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्तदाब लागेना, साखर खाली, रक्तातलं सोडियम खाली. एक तरुण डॉक्टरीण होती, चष्म्याला टेप लावलेली, डोळे जागरणानं लाल. तिनं तुझ्या केस गेलेल्या काखेत पाहिलं, भुवयांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "यांच्या बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का?"

"हो."

"नंतर दूध आलं होतं?"

"नाही."

"पाळी परत आली?"

"नाही."

तिनं पाच मिनिटंही घेतली नसतील. चौदा वर्षं माझ्याजवळ तीनही उत्तरं होती; प्रश्न मला सुचला नाही. नर्सला तिनं एक सुई सांगितली, आणि ते नाव ऐकून मी दाराची चौकट धरली. गावातला डॉक्टर द्यायचा त्याच जातीचं, स्टेरॉईडचं, औषध होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू उठून बसलीस आणि म्हणालीस, "मले भूक लागली वं." तुला भूक लागल्याचं मी किती वर्षांनी ऐकत होते.

मग त्या डॉक्टरणीनं तुझ्या खाटेवर टेकून तुला समजावलं, मला नाही, तुला. मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळामागं हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. बाई गरोदर असली की ती फुगते, तिला जास्त रक्त लागतं. बाळंतपणात फार रक्त गेलं की पहिली उपासमार तिची होते, आणि ती मरते. मग दुधाचं संप्रेरक येत नाही, म्हणून दूध नाही. अंडाशयांना सांगणारं कोणी नाही, म्हणून पाळी नाही. गळ्यातली ग्रंथी मंदावते, म्हणून थंडी, म्हणून आवाज जड. आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल करेनाशा होतात. ताप आला, उपास घडला, जुलाब झाले, तर धडधाकट माणसाचं शरीर ते जास्तीचं सोडतं आणि माणूस तग धरतं. तुझ्याजवळ सोडायला काही नव्हतं.

"पण बाकीच्या ग्रंथी चांगल्या हायेत माह्या?" तू विचारलंस.

"चांगल्या आहेत. त्यांना वरून हुकूमच येत नाही."

कागद चाळताना ती थांबली. "थायरॉईडची गोळी आधी एकटीच दिली होती? मग?"

"लय ओकाऱ्या झाल्या. मी सोडून देल्ली," तू म्हणालीस.

"बरं केलंत. कॉर्टिसॉल नसताना ती गोळी एकटी दिली तर जिवावर बेतू शकतं. आधी हे, मग ते. तुम्ही सोडली म्हणून आज इथं बसलात."

तू माझ्याकडं पाहिलंस. रागानं नाही, नुसतं पाहिलंस. मी सलाईनची बाटली किती उरली ते बघत राहिले. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलीस, आर्णी आलं, मी तुझ्या मांडीवर पिशवी ठेवून उतरले आणि म्हणाले, "गोळ्या वेळेवर घेजो." क्षमा मागायची होती, तर मी हे म्हणाले.

मग तुझी चांगली वर्षं आली. सकाळी एक गोळी, दुपारी अर्धी, थायरॉईडची उपाशीपोटी. ताप आला की दुप्पट, ओकारी झाली आणि गोळी पोटात ठरली नाही तर इंजेक्शन. दादा तुझ्या मांडीला सुई टोचायला शिकला. पहिल्यांदा त्यानंच डोळे मिटून घेतले आणि तू हसून खाटेवर पडलीस. तुझ्या भुवया पुन्हा आल्या. तू वावरात गेलीस. शेजारणी म्हणायच्या, रेखा म्हातारपणी जवान झाली. पाळीच्या गोळ्या मात्र तू वर्षभरानं सोडल्यास, आणि त्यावरून आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. "हाडं ठिसूळ होतात वहिनी, इतरही त्रास होतात, डॉक्टरणीनं सांगितलं आहे." "इतक्या दिसांनी आता कायले तो पसारा?" त्या गोळ्या घेतल्या असत्यास तर हृदय टिकलं असतं का, हे मी गेल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. तुझ्या बाजूनं निकाल लागला असता तर बरं झालं असतं, माझ्या बाजूनं लागला असता तरी एक वेळ चाललं असतं. आता ते भांडण माझ्या एकटीच्या हातात राहिलं आहे.

गावातल्या अनसूयाबाईची गोष्ट तू मला फोनवर सांगितलीस तेव्हा दम लागला होता तुला. तिचे गुडघे दुखायचे, बाजारात पुड्या विकणाऱ्या एका माणसाकडून ती वर्षभर पुड्या घेत होती. गुडघे एकदम बरे, पण चेहरा पोळीसारखा गोल झाला, मानेमागं मांस चढलं, जरा लागलं की निळे डाग. मुलाला कोणी सांगितलं, यात वाईट औषध असतं. त्यानं सगळ्या पुड्या उकिरड्यावर फेकल्या. चार दिवसांत बाई उठेना. घरचे म्हणत होते, पुड्यांची चटक लागली आहे, ढोंग करते. तू तिच्या दारात उभी राहून ओरडलीस म्हणे, "ढोंग नाई ते! बाहेरून इतकं मिळत होतं की आतली ग्रंथी निजून गेली तिची. एकदम बंद करत नसते. तिले आता उचला!" ऑटोत तू स्वतः बसलीस, उमरखेडच्या डॉक्टरला तूच सांगितलंस की पुडीत स्टेरॉईड असेल. बाई वाचली. नंतर तिचं औषध महिनोन्‌महिने थोडं थोडं करून उतरवलं.

फोनवर तू मला विचारलंस, "छाया, मी बरोबर बोलली नं? ग्रंथी निजते नं?"

"बरोबर बोललीस."

"पुस्तकात हाय नं तसं?"

पुस्तकात ते नव्हतं, वहिनी. दहावीच्या पुस्तकात ग्रंथी असतात, त्यांची कामं असतात. ती निजते, मरते, आणि मग घरचे त्या बाईला काय म्हणतात, ते नसतं. म्हणून मी तुझ्या मागं लागले की शाळेत ये, माझ्या पोरींशी बोल. दोन वर्षं तू नाही म्हणालीस. "माह्या पाळीची गोष्ट पोट्ट्याइले सांगू? येडी झाली का तू?" मग एका गुरुवारी न सांगता आलीस, इस्त्रीची साडी नेसून, हातात बोरांची पिशवी. मी पोरांना मैदानात पाठवलं आणि मुलींना बसवलं.

तू तक्त्यासमोर उभी राहिलीस. लाल ठिपक्यावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "हा दाणा मेला माहा. मी नाई मेली." पोरी आधी दचकल्या, मग हसल्या. मग तू सगळं सांगितलंस, रक्त, दूध, पाळी, गोधडी, सुई. माझं नाव एकदाही घेतलं नाहीस. "घरचे लोक" म्हणालीस. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "काकू, ते दुखते का?"

"दुखत नाई पोरी. हेच तं वाईट. दुखलं असतं तं लोकाइनं मानलं असतं."

मी खिडकीतून मैदानाकडं बघत उभी होते.

त्या दिवशी तुला बसस्टँडवर सोडायला आले, तर गाडी यायला वेळ होता. बोरं खात आपण बाकावर बसलो होतो. तू सहज म्हणालीस, "तू गौरीले पाजत होती नं, तवा मी जागी राहत होती."

मी पिशवीतून आणखी एक बोर घेतलं.

"पोरीचा घोट घोट आवाज येत होता. मले वाटे, उठून तिले हिसकून घ्यावं. अन् मग वाटे, देवा, हिचं दूध आटू देऊ नोको. दोन्ही संगच वाटे."

"मग बोलली काहून नाई?"

"काय बोलू? तू माह्या पोरीले जगवून राह्यली होती."

गाडी आली. तू चढलीस, खिडकीतून उरलेली बोरं माझ्या हातात दिलीस. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, दिवाळी, गोळी, आईचे सहा महिने. कंडक्टरनं घंटी वाजवली. मी स्वतःला म्हटलं, पुढच्या वेळी. मग पुढची वेळ चार वर्षं येत राहिली. मी कापूस वेचायला आले, दिवाळीला आले, निखिलच्या लग्नात आपण दोघींनी पहाटे उठून हळद कालवली. प्रत्येक वेळी तू इतकी हसरी होतीस की जुनं काढावंसं वाटेना. हे कारण मला तेव्हा खरं वाटायचं.

तुझं दहावं झालं त्या दुपारी पाहुणे पांगले. दादा वावरात एकटाच जाऊन बसला. गौरी पुण्याहून आलेली, अजून चार दिवस राहणार होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी लावत होतो. तिनं एक पातेलं पुसलं, पुन्हा तेच पुसलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत्या, आजी आईले आळशी म्हणे. तू पण म्हणत होती का?"

मी हो म्हणाले. सव्वीस वर्षांच्या त्या पोरीला मी जमिनीवर बसून सगळं सांगितलं, करंज्यांपासून. थायरॉईडची गोळी, महिनाभराचा अबोला, आणि यवतमाळला सलाईनच्या बाटलीकडं बघत राहिले तेही. मला वाटलं ती उठून जाईल. जायला हवी होती.

ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मले सारं ठाऊक हाय, आत्या. आईनं सांगितलतं."

"मग विचारलं काहून?"

"आई म्हणे, तुही आत्या एक दिस माह्याजवळ बोलणार हाय. तिले वेळ लागते. तोवर तिले कोणी विचारू नोका. आता ती नाई, म्हणून मी विचारलं."

म्हणजे तुला ठाऊक होतं. त्या बसस्टँडवर, निखिलच्या लग्नात, रोज सकाळी मी गोळीचं विचारायची तेव्हा, तुला ठाऊक होतं की मला दुसरंच बोलायचं आहे. तू बारा वर्षं वाट पाहिलीस आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंस की घाई करू नका.

वहिनी, माझं चुकलं. तू खरं सांगत होतीस आणि मी मानलं नाही. तुझ्या पोरीसमोर मी हे बोलले, पण ते ऐकायला तू हवी होतीस. तू एवढंच म्हणाली असतीस, "बरं बस, झालं आता, चहा घे." ते तेवढं मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. दुसरं काही नको.